फळ्याला मिशी नसते

"हातानं उचलली, भाऊसाहेब. काठी नाही, फडकं नाही. कडब्याखालून घोणस अशी ओढून काढली, जशी लेकीची वेणी धरावी."

लॉरीवाला रहिमान ग्रामपंचायतीच्या पायरीवर उभा राहून सांगत होता आणि मारुतराव कारकुनांच्या तोंडात मिठाचं कोमट पाणी होतं. गुळणी थुंकायची राहिली ती घटकन पोटात गेली. "कोणी?" असं त्यांनी विचारलं, पण नुसते ओठ हलले. पाच दिवस झाले, घसा असा बसला होता की त्यांची शिंक त्यांनाच ऐकू येत नव्हती.

"गेनबातात्यांनी. मेदनकरवाडीच्या. आणि वर हसत होते म्हणे. सुनेला म्हणाले, बघ, आता ही नुसती दोरी हाय."

मारुतरावांनी पेला खाली ठेवला.

"दोन बोटांवर डसली. लॉरीत कांदा भरला होता, अर्धा उतरवला आणि त्यांना घातलं. ससूनला नेतोय. तुम्ही पंचायतीची चिठ्ठी द्या, तिथं नाव-गाव विचारत बसायला नको."

रोज पन्नास कागद लिहिणारा हात, पण 'गेनबा' एवढी तीन अक्षरं लिहिताना शाईचे दोन डाग पडले. चिठ्ठी घेऊन ते बाहेर आले. लॉरीत पोत्यांना टेकून गेनबा बसला होता. साठीचा गडी, बाभळीच्या खुंटासारखा. उजवा हात कोपरापर्यंत सुजून पखालीसारखा तट्ट झालेला, आणि मुलगा बबनराव त्याचा दंड आवळून धरून बसलेला. गेनबा विव्हळत नव्हता. त्यानं मारुतरावांकडे पाहिलं. मग त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्याकडे पाहिलं, आणि परीक्षेत नापास झाल्यासारखी मान खाली घातली.

लॉरी मोशीच्या बाजूला धूळ उडवत निघून गेली. मारुतरावांनी ओलं फडकं घेतलं आणि फळा पुसून काढला, ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. शनिवारी लिहिलेलं एरवी बुधवारपर्यंत राहायचं. आज रविवार होता.

हा फळा म्हणजे मारुतरावांची एकुलती एक चैन. विडी नाही, तमाशा नाही. वीस वर्षं गावाचे जन्म आणि मरण लिहून लिहून माणूस पार वाळून गेला होता. एका साली टोळधाड आली, तेव्हा पुण्याच्या शेतकी कॉलेजातले एक साहेब दोन महिने चाकणला तळ ठोकून राहिले आणि मारुतरावांना त्यांच्या हाताखाली दिलं. साहेब जाताना एक भिंग देऊन गेले. त्या भिंगानं ह्यांचं डोकंच फिरवलं. गोगलगाईच्या जिभेवर हजारांनी दात असतात. गांडूळ कातडीनं श्वास घेतं. मुंगीला कान नाहीत, तिला जमिनीची थरथर पायांतून कळते. बांधाबांधावर एवढी मजा पडलेली आणि गावाला तिचा पत्ता नाही, ह्यानं मारुतरावांना जेवण गोड लागेना. मग त्यांनी पंचायतीच्या भिंतीवर फळा ठोकला आणि दर शनिवारी, बाजाराच्या दिवशी, त्यावर एक जीव लिहायचं ठरवलं.

पहिला महिनाभर त्या फळ्यासमोर फक्त एक शेळी उभी राहायची. तीही खडू चाटायला.

चाकणचा शनिवारचा बाजार म्हणजे अशी गर्दी की एकानं जांभई दिली तर दुसऱ्याचा फेटा तोंडात जायचा. तिथं कोण थांबून गांडुळाचा श्वास वाचणार? तेव्हा मारुतरावांनी युक्ती काढली. फळ्यावर खऱ्या चार ओळी लिहायच्या, आणि मग शेजारी उभं राहून तोंडानं पुढचं सांगायचं. "घुबडाचं एक जोडपं वर्षाला शेकड्यांनी उंदीर खातं," इथपर्यंत दोन्ही हात खाली. मग डावा हात हळूच मिशीकडं जायचा, मिशीला पीळ बसायचा आणि ते म्हणायचे, "आपल्या माळावरचं घुबड तर उंदरांची हजेरी घेतं. एखादा गैरहजर दिसला की त्याच्या घरी जाऊन चौकशी करतं, बाबा, बरं आहे ना?" बाजार हसून बेजार. मिशीला हात गेला की पुढची ती गप, नुसती थाप, हे खेडपासून भोसरीपर्यंत पोराटोरांना ठाऊक. पण त्या गपेबरोबर खरंही पोटात जायचं. त्या सालापासून चाकणात घुबडाला कोणी दगड मारला नाही.

एकदाच फसगत झाली. पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना निघाला तेव्हा मारुतरावांनी लिहिलं, की शिळ्या भाकरीवर येते तसल्या बुरशीच्या एका भावंडापासून हे औषध काढतात आणि त्यानं चिघळलेली जखम भरून येते. हात खाली, मिशी जागच्या जागी. तरी बाजार हसून लोळला. "भाऊसाहेब, आज मिशी घरी विसरलात का?" म्हणाले. त्या दिवशी एकटा गेनबा हसला नाही.

गेनबाला साठीला दोन वर्षं कमी असताना साक्षरतेच्या वर्गात बसवलं होतं. वर्षभरात तो अक्षर लावून वाचायला शिकला. "वर्गातल्या पुस्तकात नुसतं बदक बघ, गवत बघ," तो म्हणायचा. "गवत तर म्या जन्मभर बघतोय. भाऊसाहेबांच्या फळ्यात काय तरी हाय." त्याला गर्दीत वाचायची लाज वाटे. म्हणून शनिवारी दिवस उगवायला, दुकानं लागायच्या आधी तो यायचा, एकेका अक्षराखाली उजव्या हाताचं बोट धरायचा आणि ओठ हलवत वाचायचा. वाचून झालं की फळ्याला नमस्कार करून कांद्याच्या गाडीकडं जायचा. पुढची तोंडी गंमत त्यानं क्वचितच ऐकली.

आणि ह्या शनिवारी मारुतरावांचा घसा बसलेला होता. बोलता येणार नव्हतं, आणि गपेशिवाय लोक परत जातील ही धास्ती. तेव्हा त्यांनी शुक्रवारी संध्याकाळीच सगळंच्या सगळं फळ्यावर लिहून टाकलं. वर खरं होतं: थंडीत साप सुस्तावतो, कारण त्याच्या अंगाची ऊब हवेवर असते. आणि खाली, त्याच अक्षरात, त्याच पांढऱ्या खडूनं: घोणशीचं विष तर पौषात तुपासारखं थिजतं. संक्रांतीपर्यंत ती नुसती दोरी. बायकांनी हवं तर तिनं पाणी शेंदावं.

बाजारातले शंभर लोक वाचून हसले. मारुतराव आत गुळण्या करत ते ऐकत होते आणि सुखावत होते.

रहिमान मंगळवारी परतला. लॉरी पंचायतीपुढं लावून आत आला, पाणी प्यायला आणि बाकावर बसला.

"जिवाचा धोका टळला म्हणतात. सर्पाची लस टोचली. पण दोन बोटं काळी पडलीयत. ती जातील."

मारुतरावांनी पुढ्यातल्या कागदाची घडी घातली.

"शनिवारी मी वाचला फळा," रहिमान म्हणाला. "हसलो पण. मला तुमची सवय आहे, राव. तुम्ही सांगता तेव्हा माणूस मिशी बघतो आणि समजतो. आता फळ्याला मिशी कुठंय?"

"कुणाला बोललास?" मारुतरावांचा आवाज आज थोडा निघत होता, खरवडल्यासारखा.

"मी कशाला बोलू? ते तुमचं तुम्ही बघा." तो उठला. दारातून वळून म्हणाला, "तात्या वाटेत एकदाच बोलले. म्हणाले, रहिमानभाई, मी काहीतरी सोडलं वाचताना."

माघ लागला तेव्हा गेनबा घरी आला. अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून गेलेली. फळा महिनाभर कोराच होता. घसा अजून बरा नाही, असं मारुतराव सांगत आणि लोकांना पटावं म्हणून गळ्याला मफलर गुंडाळून फिरत.

बाजाराला आता दुसरी करमणूक मिळाली होती. गेनबा कुठं दिसला की कोणीतरी विचारी, "काय तात्या, सासुरवाडीची माणसं आली न्हाईत परत? बिळातली?" दुसरा म्हणे, "आमच्याकडं दोरी तुटलीय विहिरीची, येता का?" गेनबा ऐकून घ्यायचा. मग तो बाजारात येईनासाच झाला.

"त्याला ओट्यावर बसवून ठेवलंय," एक दिवस शालनबाई ताट वाढता वाढता नवऱ्याला म्हणाल्या. "बबन म्हशीचा दोरबी हातात देत न्हाई. म्हाताऱ्याला भ्रम झालाय म्हणतात. सून नातवाला त्याच्यापाशी निजू देत न्हाई, उद्या त्याच्या अंगावर काय टाकंल म्हणून."

मारुतरावांचा घास हातातच राहिला.

"तुम्ही जाऊन या की. तुम्हाला लई मानतो त्यो."

दुसऱ्या दिवशी ते मेदनकरवाडीला गेले. गेनबा ओट्यावर बसून डाव्या हातानं कांद्याच्या पाती काढत होता. त्यांना बघून धडपडून उठला, घोंगडी झटकली.

"बसा भाऊसाहेब. घसा कसा हाय?"

"बरा आहे." मारुतराव बसले. सगळी वाट ते एकच वाक्य घोकत आले होते. ते काही तोंडातून निघेना. "हात दुखतो का?"

"थंडीत ठणकतं. जी बोटं न्हाईत तीच ठणकत्यात, बघा गंमत." गेनबानं हात पालथा करून पाहिला. "पर भाऊसाहेब, एक सांगू का? जखम चिघळली तवा तिथं मला सुया टोचल्या. पिंपरीच्या कारखान्याचं औषध. म्या नर्सबाईला म्हणलं, हे बुरशीचं हाय. ती म्हणली, आजोबा, तुमाला कसं ठाव? म्हणलं, म्या वाचतो."

तो हसला. मग हसू हळूहळू उतरलं.

"बुरशीचं तुमी लिवलं तवा समदी हसली. म्या मानलं. आन् ते खरं निघालं, माझ्याच हातावर. मग घोणशीचंच खोटं कसं निघंल? तवा माझंच वाचायचं चुकलं. तुमी 'न्हाई' लिवलं असंल, ते माझ्या नजरंतनं सुटलं. म्हणून पाटी देऊन टाकली. ह्या वयात नको ते."

इथं बोलायचं होतं. एका वाक्याचं काम. मारुतरावांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बबनराव चहाच्या कपबश्या घेऊन बाहेर आला.

"भाऊसाहेब, बरं झालं आलात. जरा सांगा ह्येला. ह्या वाचनाच्या नादानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं."

आणि मारुतराव म्हणाले, "विश्रांती घ्या, तात्या."

चहा प्यायले, उठले आणि आले. ओढ्यापाशी पोचल्यावर ते घोकलेलं वाक्य त्यांनी मोठ्यानं म्हणून पाहिलं. तिथं ते नीट निघालं.

घरी येऊन त्यांनी शालनबाईंना सगळं सांगितलं, शुक्रवारच्या संध्याकाळपासून ओढ्यापर्यंत. त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही, पण थाप हलकी हलकी होत गेली.

"म्हंजे त्यो येडा न्हाई."

"नाही."

"गावात सगळ्यात शहाण्यासारखा वागला त्योच. लिहिलेलं वाचलं आणि मानलं." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "आन् तुम्ही तिथं बसून चहा प्यायलात."

मारुतरावांनी चुलीत एक काटकी सारली.

"बोटं त्याची गेली. डोकं त्याचं फिरलं. पाटी त्याची सुटली. तुमची मिशी तेवढी शाबूत हाय."

त्या शनिवारी उजाडायच्या आत मारुतराव पंचायतीपाशी होते. मफलर नाकापर्यंत गुंडाळलेला. फळ्यावर अक्षरं मोठी, सुटी, वर्गातल्या पुस्तकात असतात तशी काढली. मग त्यांनी रहिमानला लॉरी घेऊन मेदनकरवाडीला पाठवलं. "उचलून आणावं लागलं तरी आण," म्हणाले. "बबनलाही आण."

इतक्या दिवसांनी फळा भरलेला बघून बाजार नेहमीपेक्षा दुप्पट जमला. कांदेवाले आले, बटाटेवाले आले, बांगड्यांची टोपली डोक्यावर तशीच ठेवून खातूनबी कासारीण आली. न वाचताच लोक हसायची तयारी करून उभे होते. गेनबा लॉरीतून उतरला तो मुलाच्या आड लपत. वाट करून देता देता कोणीतरी म्हणालंच, "आले, घोणशीचे पाव्हणे आले."

"तात्या, वाचा," मारुतराव म्हणाले.

"मला न्हाई येत, भाऊसाहेब. सोडलं म्या."

"येतं. मोठ्यानं वाचा."

गेनबानं सवयीनं उजवा हात उचलला. फळ्यापाशी नेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की अक्षराखाली धरायचं ते बोटच नाही. हात क्षणभर हवेत राहिला. मग त्यानं अंगठा टेकवला आणि सुरुवात केली.

"पौ-षात... ह्या फळ्या-वर... घोण-शीचं जे... लिहिलं, ते... खोटं होतं." तो थांबला. मागं वळून मारुतरावांकडे पाहिलं. पुन्हा फळ्याकडे वळला. "घोणस... थंडी-तही डसते. तिचं विष... कधी... थिजत नाही. गेन-बांनी... जे लिहिलं होतं... तेच वाचलं. चूक... लिहिणाऱ्याची. मारुत-राव, कारकून."

एक क्षण गेला. मग मागून एक जण खुदकन हसला, आणि त्याच्यामागं सगळा बाजार. "वा भाऊसाहेब, आज तर लईच भारी ठोकलीत." "गेनबाला पार शास्त्री केलात की." "आता कळलं, विष थिजत न्हाई, नुसतं आंबतं." खातूनबीच्या टोपलीतल्या बांगड्यासुद्धा हसल्यासारख्या किणकिणल्या. बबनरावही, बापाची मजा झाली असं समजून, ओशाळं हसला.

मारुतरावांना वाटलं होतं लोक रागावतील, शिव्या देतील, फळा काढून फेकतील. त्या सगळ्याची त्यांनी तयारी केली होती. लोक हसतील ह्याची मात्र नव्हती केली.

"भाऊसाहेब, मिशीला हात लावायचा राहिला," कोणीतरी ओरडून म्हणालं.

मारुतरावांनी मफलरचं टोक धरलं आणि एकेक वेढा उलगडला.

मिशी नव्हती. वरचा ओठ कोरा, पांढराफटक, वर्षानुवर्षं ऊन न लागलेला. पुढच्या रांगेतलं हसू आधी थांबलं, मग मागच्या. बाप गेल्यावरच माणसाचा ओठ असा दिसतो, आणि मारुतरावांचा बाप जाऊन तपं लोटली होती. पुरुषांनी नकळत फेट्याला, टोपीला हात लावले.

"कोण गेलं, भाऊसाहेब?" खातूनबीनं हळू विचारलं.

"कोणी नाही, बाई." मारुतरावांनी मफलर खांद्यावर टाकला. "तात्या, परत वाचा. पहिल्यापासून."

गेनबानं परत वाचलं. ह्या खेपेला तो कमी अडखळला. 'तेच वाचलं' ह्या शब्दांपाशी आल्यावर अंगठा तिथंच राहिला, आणि ते दोन शब्द त्यानं आणखी एकदा वाचले, स्वतःशीच. माणसं एकेक करून आपापल्या ढिगाकडं, टोपलीकडं गेली. बबनराव बराच वेळ जमिनीकडं बघत उभा होता. मग शेजारच्या गाडीचा एक बैल उगाच हिसडे देत होता, त्याचा कासरा त्यानं सोडवला आणि बापाच्या डाव्या हातात दिला.

"धर जरा, आबा," म्हणाला. "म्या पाणी घेऊन येतो."

पुढं फळा चालू राहिला, फक्त गप गेली. आधी लोक सवयीनं डोकवायचे. चारच ओळी, त्याही सरळ, म्हटल्यावर निघून जायचे. चैत्रापर्यंत अशी अवस्था आली की शेळी परत यायला लागली. मिशी महिन्याभरात उगवली होती, पण मारुतरावांचा हात तिकडं कधी गेला नाही.

एका शनिवारी सकाळी, बाजार लागायच्या आधी, फळ्यावर वाळवी होती. गेनबा अंगठा सरकवत शेवटच्या ओळीपर्यंत आला.

"संपलं?"

"संपलं."

"एखादी गप?"

"नाही, तात्या."

"अजाबात?"

मारुतरावांनी नुसती मान हलवली आणि खडू डबीत ठेवला. गेनबानं एकदा त्या शेळीकडं पाहिलं, एकदा रिकाम्या बाजाराकडं.

"आमच्या वाडीत एक वाळवी हाय, भाऊसाहेब," तो म्हणाला. "पाटलाच्या घराची तुळई खाल्ली तिनं. आन् खाऊन झाल्यावर त्येच्याच दारात जाऊन म्हणती, पाटील, आता जरा पान-सुपारी द्या."

बोलता बोलता त्याचा उजवा हात वर गेला आणि त्यानं आपली पांढरी मिशी धरली. अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट. मधली जागा रिकामी. तो पीळ द्यायला बघत होता, मिशी दर वेळी निसटत होती. पीळ काही बसेना. तरी त्यानं हात खाली घेतला नाही, आणि मारुतराव पायरीवर बसून पुढचं ऐकायला थांबले.